पांढरी फिल्म

जामखेडच्या उन्हाबद्दल सहादेव वाइंडर सांगायचा, की इथली कोंबडी अंडं उकडूनच घालते. कुणी हसलं तर वर टरफल दाखवायला तयार. विजेच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता, आणि थापा मारण्यात तर जिल्ह्यात नव्हता.

गिऱ्हाइकाला तो समजावायचा, “तार आन् लोखंड म्हंजे भाऊबंद. मदी ही फिल्म न्हाई घातली, तर एकमेकाला जाळून टाकतेत.” लोखंडाच्या खाचेत तारेखाली बसणारी ही फिल्म प्लास्टिकची, कागदाएवढी पातळ. त्याच्याकडं तिच्या दोन जाती असायच्या. मधाच्या रंगाची महाग. ती कितीही तापली तरी वीज अडवून धरी. दुसरी पांढरी, स्वस्त. गार असेतो तीही इमानी. पण तापतच राहिली की कडक होई, तडके, आणि मग वीज तिच्यात टाचणीएवढं भोक पाडी. तेवढं पुरे.

त्याची वहिनी सत्यशीला हिची गावात पिठाची गिरणी. मोटार घरघरायला लागली, तशी तिनं ती दसऱ्याआधी दिराच्या दुकानात आणून टाकली. तिचा नवरा अजिनाथ दर साली ऊसतोडीला जायचा. बरोबर ती जायची, आणि तिच्यामागं पोरीची शाळा बुडायची. यंदा सुकन्या दहावीला. गिरणी चालली तर मायलेकी गावात राहणार, अजिनाथ एकटाच, जोडीविना, अर्धा कोयता म्हणून जाणार. नाही चालली, तर तिघंही टेम्पोत.

“भावजी, घरचीच हाय म्हणून कशीबी भरू नका.”

“वैनी, अशी भरतो, की तुमी मेल्या तरी चालंल.”

“माझं मरण कशाला काढता? तिचं बघा.”

मधाच्या रंगाची फिल्म थोडीच उरली होती. ती त्यानं बर्फाच्या कारखान्याच्या मोटारीसाठी राखलेली. तिथला मालक चारचौघांत सहादेवचं नाव घ्यायचा. वहिनी नाव घेऊन घेऊन कुठं घेणार? चुलीपुढं. त्यानं पांढरी कापली. घडीभराचं दळण, त्याला काय होतंय! चहा होईस्तोवर मोटार रिकामीच पळवली आणि वर तळहात ठेवला.

“बघा, मांजराच्या पोटाएवढीबी गरम न्हाई.”

ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आठवड्यात सगळं गाव वाटेचं पीठ करायला एकदम गिरणीवर येतं, हे तो विसरला. म्हणजे, त्याच गावात जन्मून विसरला. डब्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. वर पत्रा, लाईट कमी दाबाची, त्यामुळं मोटार जास्तच तापलेली. सगळे टाकतात तसं सत्यशीलानं तिच्यावर ओलं पोतं टाकलं. भर दुपारी फट्ट झालं, आणि रांग डबे उचलून दुसऱ्या गिरणीकडं गेली.

सहादेवनं मोटार उघडली. फिल्म करपलेल्या पापडासारखी बोटात चुरली. एका खाचेत भोक, भोवती काजळी. पाण्याचा थेंब आत पोचला नव्हता.

“भावजी, माझं काय चुकलं?”

जन्मभर फुकटात खोटं बोललेल्या माणसाला आज एक खरं वाक्य बोलायचं होतं. पण दारात बर्फवाला मालक बसला होता.

“ओलं पोतं टाकलं ना तुमी? पानी गेलं आत.”

“समदेच टाकतेत की.”

“म्हणून तर समद्यांच्या जळतेत.”

मालक खदाखदा हसला. सत्यशीलानं पदर तोंडाला लावला. “पुन्ना भरून द्या.”

“देतो की. पन तवर गावात दळायला ऱ्हायलंय कोण?”

हे मात्र खरं बोलला.

टेम्पो वेशीवर उभा राहिला, तेव्हा सहादेव निरोपाला आला. सुकन्या भांड्यांच्या पोत्यावर बसली होती. ती काकाला म्हणाली, “नाना, पोतं कवाच वाळलं हुतं. मी हात लावून बघितलं हुतं.”

“सुकन्या!” सत्यशीला कडाडली. “आपली चूक मोठ्या मानसावर ढकलतीस? तुझ्या नानानं घरच्या मोटारीसारखी भरली हुती ती.”

अजिनाथनं धाकट्या भावाच्या खांद्यावर थाप मारली, वर चढला आणि टेम्पोची फळी लावून घेतली. टेम्पो हलल्यावर सत्यशीलानं वरून हाक दिली,

“भावजी, परत आल्यावर तुमीच भरून द्या हं. दुसऱ्याचा भरोसा न्हाई.”

“व्हय वैनी,” तो म्हणाला, आणि टेम्पो वळेपर्यंत हात हलवत राहिला.