साहेबांनी काटा मारला

मी वजनकाटा बोलतोय. भाजीवाल्याचा नव्हे हं, सोनाराचाही नव्हे. माणसं तोलणारा. कारखान्यात खरी मापं ठेवून मला पारखलं, शिक्का मारला आणि रुग्णालयाच्या केमो विभागात आणून बसवलं. तेव्हापासून लोक माझ्यावर चढतात आणि श्वास रोखतात. श्वास रोखून वजन बदलत नाही, पण सांगणार कोण!

आमच्याकडे सध्या एक चाचणी चालू आहे. पित्तनलिकेचा कर्करोग पसरला की केमोची दोन जुनी औषधं देतात. त्यांच्या जोडीला शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करणारं नवं औषध दिलं तर माणूस जास्त जगतो का, हे बघायचंय. दर खेपेला सुई टोचण्याआधी मी. माझ्या आकड्यावरून केमोचा डोस ठरतो, उगाच फुशारकी मारत नाही.

या चाचणीत एक निवृत्त वजनमाप निरीक्षक आले. सगळे त्यांना साहेब म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी वाकून माझा शिक्का वाचला, मला हलवून पाहिलं आणि सिस्टरला म्हणाले, "याचा एक पाय अधांतरी आहे. नीट बसवून घ्या, नाहीतर हा खोटं बोलेल." इतक्या वर्षांत माझी अशी विचारपूस कुणी केली नव्हती. मी जाम खूश झालो. साहेब चढले. बासष्ट किलो.

दुसऱ्या खेपेला साठ. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवून दिलं, की वजन उतरलं की चाचणीतून नाव काढतात. साहेबांचा चेहराच पडला. या चाचणीखेरीज दुसरा इलाज त्यांच्यापाशी उरला नव्हता.

तिसऱ्या खेपेला एकसष्ट. "वा साहेब!" सिस्टर म्हणाली. वा कसलं डोंबल! स्वेटरच्या आत, कमरेच्या कापडी पट्ट्यात दोन किलोचं लोखंडी वजन होतं. मला लोखंड लगेच कळतं. पुढे एकाची दोन झाली, दोनाची तीन. साहेब वाळत चालले आणि माझा आकडा एकसष्टावर ठाम. मला चीड आली, आणि चिडीहून जास्त वाईट वाटलं. पण आकड्यापलीकडे मला बोलता येत नाही.

सहाव्या खेपेला साहेबांना धड बसवेना. डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले. "रक्तातल्या पेशी इतक्या खाली, अंगात त्राण नाही, आणि वजन मात्र जसंच्या तसं. म्हणजे केमोचा डोस बरोबर आहे. मग हे नव्या औषधाचंच काम दिसतंय. ते बंद करू या. चाचणीतही तसंच नोंदवावं लागेल."

साहेबांनी स्वेटर कमरेवर ओढून घेतला. त्यांची बायको त्यांच्याकडे बघत राहिली. पट्टा तिनंच शिवला होता. शेवटी तिला राहवेना. "अहो, सांगताय की मी सांगू? तुमच्यापायी त्या औषधावर आळ येतोय. उद्या दुसऱ्या कुणाला मिळायचं नाही ते."

साहेबांनी पट्टा सोडला आणि तिन्ही वजनं टेबलावर ठेवली. "आयुष्यभर काटा मारणाऱ्यांची मापं जप्त केली," ते म्हणाले, "आज माझी करा." आणि ओंजळीत तोंड लपवून रडले.

"अहो, वजन उतरलं म्हणून कुणी तुम्हाला हाकलत नाही!" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "औषध बेतून देतो. झेपेल त्याहून जास्त उगाच घेत होतात!" मग त्यांनीच हात धरून साहेबांना माझ्यावर उभं केलं. पंचावन्न. त्या दिवशी औषध दिलं नाही. झाला प्रकार चाचणीच्या कागदांत जसाच्या तसा लिहिला आणि नवं औषध बंद न करता केमोचा पुढचा डोस पंचावन्नावर बेतला.

तर मंडळी, माझ्यावर चढाल तेव्हा मला फसवू नका, एवढंच मागणं आहे. माझा आकडा म्हणजे शिक्षा नव्हे.

आज साहेबांची दहावी खेप. गाठ वाढलेली नाही, गेलेलीही नाही. चाचणीचा निकाल लागायला अजून वर्षं जातील. साहेब चढले. सत्तावन्न! सिस्टरनं त्यांच्या पायांवर बोट दाबून पाहिलं, पोट चाचपलं. सूज नाही, पाणी नाही. तरी बायकोचा विश्वास बसेना. तिनं त्यांना खाली उतरवलं, स्वेटर काढायला लावला आणि कंबर चाचपली.

"अगं, चारचौघांत काय हे!"

"गप चढा."

साहेब चढले. छप्पन्न किलो सातशे. तीनशे ग्रॅम स्वेटरचे होते. बाकी सगळे साहेबच.