ओदीलकाकूंचे काळे गुलाब

जानेवारीतल्या त्या शनिवारी आमचं अर्धं गाव ओदीलकाकूंच्या स्वयंपाकघरात टोप्या काढून उभं होतं. शेगडीवरच्या भिंतीवर बागेचं जुनं चित्र होतं : तळं, पूल, गुलाब. नोव्हेंबरात काकूंचे यजमान फेर्नांकाका त्याच्याखाली खुर्चीत बसल्या बसल्या गेले, आणि तेव्हापासून रंगवलेले गुलाब कोमेजत होते. खरोखर. गुलाबीचे तपकिरी झाले, तपकिरीचे काळे.

मी गावचा पोस्टमन. सगळे एका जागी भेटले की टपाल लवकर वाटून होतं, म्हणून मीही होतो.

लोलक फिरवून शाप ओळखणारे मस्यो गोदफ्रुआ दोऱ्याला टांगलेला पितळी लोलक चित्रापुढे धरून होते. तो गरगर फिरला.

"हे काढणारा चित्रकार कधीच मेला, त्याची बाग मेली नाही! तिने एक माणूस खाल्लं, आता दुसऱ्यावर डोळा आहे."

काकूंचं डोकं आठवडाभर ठणकत होतं. शाप गावात पसरू नये म्हणून गोदफ्रुआंनीच खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या होत्या. आज ते चित्र शांतीसाठी नेणार होते. शेजारच्या गावातून त्यांनी अशीच तीन नेली होती, एकही परत आलं नव्हतं. शांतीला फार वेळ लागत असावा.

"माझंही डोकं धरलं," बेकरीवाली म्हणाली.

"बघा, पसरतोय!"

तेवढ्यात काकूंच्या भाचीने रूआं शहरातून बोलावलेली सोलेन आली. चित्रांची पारख करणारी. तिने कापसाचा बोळा काढला आणि त्यावर थुंकली.

"अगंबाई, थुंकली!"

"आमच्या धंद्यात मळ असाच काढतात, काकू." तिने एक गुलाब हलकेच पुसला. तो गुलाबी निघाला. बोळा काळा.

"जिवंत झाला!" बेकरीवालीने छातीवर क्रूस काढला.

"झाला नाही. धुतला."

"शाप बोळ्यात उतरला!" गोदफ्रुआ ओरडले.

सोलेनने चित्राशेजारचं मांजरांच्या फोटोंचं कॅलेंडर बघितलं. "ही मांजरं काळीच होती?"

"पांढरी," मी म्हणालो. "डिसेंबरात मीच विकलं. नव्या वर्षाची कॅलेंडरं इथे पोस्टमनच दारोदार विकतो."

"मग मांजरंही माणसं खातात? मस्यो, लोलक खिळ्याला अडकवा बरं. हात काढा."

लोलक मेल्यासारखा लटकत राहिला.

"ही काजळी आहे. धूर वर जात नाही, घरातच फिरतो. काकू, डोकं कधी दुखतं?"

"शेगडी पेटली की."

आम्ही खिडक्या उघडल्या, शेगडी विझवली. धुराड्यातून कावळ्याचं भलंमोठं घरटं निघालं. त्याच्यामुळे अडलेल्या धुरात एक विषारी वायू असतो, सोलेन म्हणाली, त्याला वासही नसतो.

काकू खुर्चीकडे बघत होत्या. "मला वाटलं, झोप लागली त्यांना. मी अंगावर शाल घातली." मग हळूच, "आणि वारा लागू नये म्हणून खिडकी लावली."

गोदफ्रुआ मागच्या दाराने गेले. लोलक खिळ्यावरच राहिला.

चित्रावर सही नव्हती. सोलेनच्या मते किंमत एका नव्या धुराड्याएवढी. काकूंनी विकलं नाही. धुराडं गावाने बांधून दिलं.

मी रोज चाळीस दारं ठोठावतो. प्रत्येक दारात एवढंच सांगतो : घरात काहीही काळं पडलं, तर आधी खिडकी उघडा आणि धुराडं बघा. मेलेल्या चित्रकारांची चौकशी नंतर करता येईल. त्यासाठी आपण जिवंत लागतो.