राहिलेला सिनेमा

"अहो, मी निघाले," चपला पायात सरकवत संतोषबाई म्हणाल्या. "राह्यलेला सिनेमा पाहून येते."

भोकरदनच्या आपल्या कापडदुकानात गादीवर बसलेल्या भागचंदांनी चष्म्यावरून पाहिलं. "जालन्याला? एकटी? आन् दिवस बुडायच्या आत जेवण?"

"डबा घेतलाय. मध्यंतरात खाईन. तुमी टायमावर जेवून घ्या."

रविवारी नात कनिका दोघांना दुपारच्या खेळाला घेऊन गेली होती. पडद्यावर गावातली एक मुलगी आणि एक मेंढपाळ पोरगा. ना मारामारी, ना नाच. दोघं हापशावर भेटत, तो हंडा उचलू लागे, एवढंच. पुढे तिचं लग्न दुसरीकडे ठरलं, ती जीपकडे निघाली आणि नेमके तेव्हाच भागचंद उठले. "चला जल्दी, दिवस बुडंल." सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही, हा त्यांच्या जैन घरचा नेम. संतोषबाई मुकाट्याने उठल्या खऱ्या, पण त्या दिवसापासून घास गोड लागेना.

लग्नाआधी माहेरी, टेंभुर्णीला, त्यांच्या वडिलांच्या किराणा दुकानात धनगराचा सुग्रीव मीठ न्यायला यायचा. घरात मीठ असलं तरी यायचा. बोलणं मिठापलीकडे कधी गेलंच नाही. संतोषबाई सासरी निघाल्या तेव्हा तो समोरच्या ओट्यावर उभा होता. त्यांना ते ठाऊक होतं, पण मान वळवायची छाती झाली नाही. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या पडद्यावरच्या पोरीनं तरी मागे पाहिलं का, तेवढं त्यांना हवं होतं. लोक म्हणतील म्हातारीला चळ लागला. म्हणेनात का!

आता तो सिनेमा फक्त संध्याकाळी पाचच्या खेळाला उरला होता. तिकीट देणारा म्हणाला, "आजी, हा देवाधर्माचा पिक्चर न्हाई बरं."

"मालूम हाय. शेवट तेवढा राह्यलाय माझा."

मध्यंतरात डबा उघडायचं भानच राहिलं नाही. शेवटी ती पोरगी जीपच्या पायरीवर थांबली. वळली. सगळ्यांदेखत त्याच्याकडे पाहत राहिली. संतोषबाईंना हुंदका आवरेना, आणि त्यांनी तो आवरलाही नाही. झाडूवाली "मावशी, उठा आता" म्हणाली, तेव्हा कुठे त्या बाहेर आल्या. सूर्य केव्हाच बुडाला होता.

घरी पोचल्या तेव्हा भागचंद ओट्यावर बसले होते. त्यांनी पिशवी हातात घेतली. ती जड लागली.

"भरलेलाच आणला डबा?"

"दिवस बुडाला. तुमी जेवले ना?"

"न्हाई. एकट्याला जाईना. मंग? त्या पोरीनं मागं वळून पाह्यलं का?"

संतोषबाईंनी मान खाली घातली नाही. "पाह्यलं. डोळे भरून पाह्यलं."

"बरं केलं तिनं," भागचंद म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी पाण्याच्या माठावर झाकण ठेवलं, आणि संतोषबाईंसाठी ओट्यावर सतरंजी आणून अंथरली.