पोपटातले यजमान

सकाळी नऊलाच बाबांच्या दारात पिंजऱ्यांची रांग लागली होती. कुणाच्या पक्ष्याची पिसं झडलेली, कुणाची चोच वाकडी, आणि प्रत्येक पिंजऱ्यामागे एक रडवेला चेहरा. बाबा गादीवरून गरजत होते, "पक्षी आजारी पडतच नसतो! पक्ष्यात कुणीतरी येऊन बसतं!" मग चिमूटभर पांढरं भस्म पाण्यात कालवून ते चोचीत सोडत. मरगळलेला पक्षी थोड्या वेळात दांडीवर चढे, आणि लोक हात जोडत.

शिवणकाम करणाऱ्या काकू चौथ्यांदा आल्या होत्या. त्यांच्या करड्या पोपटाला झटके येत. काका जाऊन वर्ष झालं, पण पोपट अजून त्यांच्याच घोगऱ्या आवाजात विचारायचा, "ऐकलंस का गं?" बाबांनी नेमकं तेच हेरलं होतं. "यजमान अडकलेत ह्याच्यात. झटके म्हणजे त्यांची सुटायची धडपड!"

तीनदा भस्माने गुण आला आणि तीनदा महिन्याभरात झटके परतले. या खेपेला बाबा म्हणाले, "तुमचा भाव कमी पडला. आता पाच दिवस दाणापाणी बंद. हा देह सुटला की यजमान सुटले."

काकूंनी वाट्या काढून घेतल्या. दिवसभर पोपट रिकाम्या जागी चोच आपटत राहिला. काकू मशीनवर बसल्या, पण दोरा सुईत जाईना. नवऱ्याला कोंडून ठेवायचं, की मुक्या जिवाला मारायचं? दुसऱ्या दिवशी दुपारी पोपट धाडकन कोसळला, पाय ताठ झाले. काकूंनी पिंजरा कवटाळला आणि अनवाणीच पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावल्या.

"खायला काय घालता?" सुई भरता भरता बाईंनी विचारलं.

"सूर्यफुलाच्या बिया. फक्त त्याच. ह्यांनीच लावलेली सवय."

इंजेक्शननंतर थोड्याच वेळात पोपटाची मान सावरली. काकूंचे डोळे विस्फारले. "तुम्ही कोणता मंत्र म्हटलात?"

"कॅल्शियम दिलं, काकू. नुसत्या बियांत ते नसतं, आणि घरात कोंडलेल्या पक्ष्याला ते अंगी लागायला ऊनही मिळत नाही. रक्तातलं कॅल्शियम घटलं की झटके येतात."

काकूंनी बाबांचं सगळं सांगत मागच्या खेपेच्या भस्माची उरलेली पुडी पुढे केली. बाईंनी ती काळ्या कागदावर पसरून भिंग धरलं. पांढऱ्या भुकटीत पापुद्र्याचे बारीक तुकडे होते.

"अंड्याची टरफलं कुटलीत. म्हणजे कॅल्शियमच! चार दिवस पुरतं, मग संपतं. रोज थोडं घाला असं सांगितलं, तर बाबांच्या दारात पुन्हा कोण येईल?"

"मग... हे त्याच्यात नाहीत?"

"नाहीत, काकू. त्याने काकांचा आवाज ऐकून उचललाय, एवढंच."

काकूंनी पिंजरा जवळ ओढला. त्यांच्यासाठी नवरा दुसऱ्यांदा गेला होता. त्या पुटपुटल्या, "काल दिवसभर तो मागत होता हो. आणि मी पाठ फिरवून बसले."

पोपट जगला, पण कोसळताना मोडलेला त्याचा एक पाय कायमचा लुळा राहिला. पुढच्या आठवड्यात काकू बाबांच्या दारात उभ्या राहिल्या, हातात पक्ष्यांना कॅल्शियम देणाऱ्या समुद्रफेसाच्या वड्यांची पिशवी घेऊन. आतून शिव्याशाप ऐकू येत होते. काकू हलल्या नाहीत. येणाऱ्या प्रत्येक पिंजऱ्यापुढे त्या वाकत आणि एकच विचारत, "भूत नंतर बघू. आधी सांगा, ह्याला खायला काय घालता?"