सुका मासा आणि तेहतीस हात

शनिवारी रेजायनाच्या अधिवेशनात शेतकऱ्यांच्या नव्या पक्षाने पाळक एलवुड प्रिंगल यांना कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातले आपले पुढारी म्हणून निवडलं, आणि रविवारी उपासना संपताच त्यांना पाळक ठेवायचं की नाही हे ठरवायला टॅनर्स कूली गावच्या चर्चच्या मंडळीने त्यांना तळघरात धाडलं. रीतच होती ती. ज्याच्याविषयी बोलायचं तो पाळक खाली स्वयंपाकघरात थांबे, वर हात मोजले जात. भट्टीची ऊब वर जावी म्हणून जमिनीत लोखंडी जाळी होती, तिच्यातून शब्दन्‌शब्द खाली ऐकू येई. वरच्यांनाही ते ठाऊक असे. काही जण तर मुद्दाम जाळीजवळ बसत.

एलवुडनी सुगीच्या जेवणावळीची राहिलेली ताटं धुवायला घेतली. हिशेब सोपा होता. सभासद एकेचाळीस, त्यांतले निदान तीस सरकार पक्षाचे. पंधरा वर्षांत यांतल्या निम्म्यांची लग्नं त्यांनी लावली होती, पण मत ही वेगळी चीज. पुढारीपण हवं होतं, खोटं कशाला बोला. पण हा प्रवचनाचा चौथरा गेला तर आपलं घरच गेलं, असं त्यांना वाटत होतं.

वर ऑर्व्हिल स्ट्राउड उठला. धान्यकोठाराचा मुकादम, मंडळीचा पंच. एक घोडा दोन गाड्यांना जुंपू नये, असं त्याचं म्हणणं पडलं. 'खरंय, खरंय' बरंच झालं.

मग चिटणीस हेस्टर मॅकलिन बोलली. तीही सरकार पक्षाचीच.

"ऑर्व्हिल, दुष्काळात पूर्वेकडच्या चर्चांनी वॅगनभर सुका कॉड मासा पाठवला. तुझ्या वाट्याचा कुठे गेला?"

वर ऑर्व्हिलचे बूट फळ्यांवर घासले.

"कोंबड्यांच्या खुराड्यावर ठोकलास ना?"

"फळीच वाटली ती मला," ऑर्व्हिल म्हणाला. "छप्पर गळलं नाही मात्र."

हशा ओसरल्यावर तिने आपलंही सांगून टाकलं. तिने तो तसाच उकडला. इतका खारट की कुत्र्यानेही तोंड फिरवलं. समुद्रकाठी वाढलेले आपले हेच पाळक मग धुळीतून घोड्यावर घरोघर गेले, ॲप्रन बांधून चुलीपुढे उभे राहिले: रात्रभर भिजवा, पाणी दोनदा बदला, बटाटे-दुधात शिजवा.

"तेव्हा त्यांनी कुणाला पक्ष विचारला होता? निवडणुकीत मी त्यांना मत द्यायची नाही. पण हाकलायचीही नाही."

एलवुडचे हात पाण्यातच राहिले.

थोड्या वेळाने हेस्टर आणि ऑर्व्हिल जिना उतरून आले. तेहतीस विरुद्ध आठ, पाळक राहणार. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रवचन त्यांचं. राजकारण चिखलाच्या बुटांसारखं दाराबाहेर काढून यायचं. एलवुडनी पाण्यातून हात बाहेर काढले.

"त्या आठांत मी आहे," ऑर्व्हिल म्हणाला. "दुसऱ्याकडून कळायला नको. आणि तुमच्या रविवारी पहिल्या बाकावर येऊन बसणार, तेही सांगून ठेवतो."

एलवुडनी ओल्या हातांनीच त्याचा हात धरला, तो सोडवेना.

"सोडा आता, पाळकसाहेब," हेस्टर म्हणाली. "कितीही दाबलात तरी त्यातून मत निघायचं नाही."