आष्टीच्या टीव्हीतला अमेरिकन ससा

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. जन्म अमेरिकेतला, पण आयुष्य गेलं परतूर तालुक्यातल्या आष्टीत.

१९८९ साली जहाजावर नोकरी करणाऱ्या कडूबामामाने मला भाचीसाठी आणलं. प्रभावतीचा पाय मोडला होता, दीड महिना घरात बसायचं होतं. आपल्या विजेवर मी जळू नये म्हणून मामाने वीज उतरवणारा जड ठोकळाही आणला. तिच्या आईने, द्वारकाबाईने, मला हळदकुंकू लावलं. मामाने टीव्हीमागची अँटेनाची वायर काढून तिथे माझी जोडली.

पण पडद्यावर माझ्या खेळातला उड्या मारणारा ससा थांबेचना! चित्र सारखं खालून वर पळू लागलं. आवाज तर नाहीच. चित्र बिघडलं की गावात एकच उपाय. मामा माळवदावर चढून अँटेना फिरवू लागला.

“आलं का?”

“न्हाई!”

“आता?”

“न्हाई! लईच पळून राह्यलंय!”

अँटेना सुटलेली आहे, हे मी कसं सांगणार?

मामा जहाजावर परत गेला. द्वारकाबाई म्हणाली, “उद्या भंगारवाला येतोय. देऊन टाकते हा डबा.” प्रभावतीने मला ओढणीखाली लपवलं आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्या संपतला निरोप धाडला.

संपतने मला उघडलंसुद्धा नाही.

“वहिनी, मशीन बराबर हाय अन् टीव्हीबी बराबर हाय. हे अमेरिकेचं, सेकंदाला साठ चित्रं फेकतंय. आपला टीव्ही पन्नास झेलतो. मंग पळणार न्हाई तर काय?”

त्याने टीव्हीच्या मागचं बारकं बटन फिरवलं. ससा थांबला!

“आवाज मातर बिलकुल येणार न्हाई. त्यांची रीत येगळी. अन् बातम्यांना अँटेनाची वायर लावून बटन परत फिरवा.”

द्वारकाबाईने देवघरातून हळदकुंकवाचा करंडा आणला आणि बटनाशेजारी दोन ठिपके लावले. “कुंकू बातम्यांचं, हळद सशाची.”

आवाज प्रभावतीने स्वतःच काढला. उडी मारली की “टुण्ण!”, पडलं की “धप्प!”

दुसऱ्या दिवशी दारात हाक आली, “भंगारऽऽ!” तेव्हा मी द्वारकाबाईच्याच हातात होतो.

“प्रभे, त्याला म्हणावं पुढं जा! माझा ससा खड्ड्यात चाललाय!”

“धप्प!” प्रभावती म्हणाली.

मित्रांनो, दोन चांगल्या वस्तूंचं जुळत नसेल, तर एकीला लगेच भंगारात काढू नका. जाणकाराला विचारा. आणि वायर ओढू नका बरं, पिनेला धरून हळूच काढा.