मॉरीन बाईंची जोखीम

मॉरीन बाई लातूरला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर दोन बॅगा आणि सोळा पानांचं एक पत्रक आलं. बॅगा नजीर ड्रायव्हरनं उतरवल्या. पत्रक महांतेशच्या हातात आलं, आणि जास्त वजन कशाचं होतं हे त्याला पुढे दोन महिन्यांनी कळलं.

बाई स्कॉटलंडच्या. वय एकसष्ट, शाळेतून निवृत्त. देशोदेशी इंग्रजीचे शिक्षक पाठवणाऱ्या तिकडच्या एका संस्थेनं त्यांना चार महिन्यांसाठी सिद्रामप्पांच्या ज्युनिअर कॉलेजात पाठवलं होतं. सिद्रामप्पा मूळचे आडत दुकानदार. तूर जानेवारीत येते, सोयाबीन ऑक्टोबरात आणि विद्यार्थी जूनमध्ये. वर्षातला कुठलाच हंगाम रिकामा जाऊ नये म्हणून त्यांनी कॉलेज काढलेलं. बाईंचं विमान अजून मुंबईला टेकलं नव्हतं तेव्हाच त्यांचा फोटो असलेलं फ्लेक्स बसस्टँडसमोर लागलं होतं.

महांतेश त्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. तासिका तत्त्वावर, म्हणजे तास झाला तर मास्तर, न्हाई तर मोकळा माणूस. असं अकरा वर्षं चाललं होतं. बाई आल्या त्याच संध्याकाळी अप्पांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"ही बाई जूनपर्यंत धडधाकट राहिली पाहिजे," अप्पा म्हणाले. "ॲडमिशनच्या टायमाला गेटवर उभी दिसली पाहिजे. तेवढं कर, तुझी कायमची ऑर्डर काढतो. बसवण्णाची आण."

अप्पा आण सहसा घेत नसत. महांतेशनं ते पत्रक उघडलं.

पत्रकाचं नाव आरोग्य आणि पर्यावरण जोखीम मूल्यांकन असं होतं, आणि ते बाईंनी नव्हे तर यजमानांनी भरून द्यायचं होतं. महांतेश एकेक प्रश्न मराठीत सांगत गेला आणि अप्पा उत्तरं देत गेले.

"कामाच्या जागी तापमान किती असतं, विचारतेत. पस्तीसच्या वर गेलं तर काम थांबवावं म्हणतेत."

"पस्तीस? पस्तीसला आपल्याकडं लोक स्वेटर शोधतेत. चौतीस लिही."

"एप्रिलमध्ये बेचाळीस असतंय अप्पा."

"ते बाहेर. आत कूलर हाय."

"नळाला पाणी कधी येतं?"

"नियमित लिही."

"आठव्या दिवशी येतंय."

"मग? नवव्या दिवशी आलंय का कधी? नियमितच झालं की."

"मोकाट कुत्री?"

"कुत्री हायत, पण मोकाट न्हाईत. गल्लीतल्या सगळ्यांच्या ओळखीची हायत."

कॉलेजला लागून मंगल कार्यालय होतं, तिथला डीजे ध्वनिप्रदूषणाच्या रकान्यात 'सांस्कृतिक वातावरण' म्हणून बसला. डास 'ऋतुमानाप्रमाणे' झाले. शेवटच्या पानावर यजमानांचा आरोग्य-जबाबदार म्हणून महांतेशनं स्वतःचं नाव घातलं आणि सही केली. अकरा वर्षांत कुठल्याही कागदावर त्याच्या नावापुढं पद आलेलं नव्हतं. त्याला बरं वाटलं.

कागदावर खोटं लिहिलं म्हणून त्यानं काम मात्र खोटं केलं नाही. बाईंचं पाणी तो घरी वीस मिनिटं उकळायचा, गाळायचा आणि मोटरसायकलला बाटल्या बांधून त्यांच्या खोलीवर न्यायचा. मच्छरदाणी स्वतः खोचायचा. बाईंना उसाचा रस प्यावासा वाटला तर आधी स्वतः पिऊन दोन तास वाट बघायचा. त्या निघाल्या की डोक्यावर ओला स्कार्फ, हातात छत्री, पिशवीत ओआरएस. बाईंच्या खोलीत दोन कूलर चालायचे. महांतेशचे तास चौथ्या मजल्यावर, पत्र्याखाली. तिथं दुपारी दीडनंतर पोरं वहीनं वारा घालत बसायची आणि खडू घामानं हातातच विरघळायचा.

"लग्नाला चौदा वर्षं झाली," त्याची बायको मंजुश्री म्हणाली. "माझं डोकं दुखलं तर बामची डबी दाखवून निघून जाता. अन् त्या बाईच्या नाकाला कुठलं क्रीम लावायचं हे पाठ हाय तुमचं."

"कायम झालो की तुझ्या नाकालाबी आणतो."

"माझं नाक कधी फ्लेक्सवर येणार, ते सांगा आधी."

बाई मात्र ठणठणीत राहिल्या. मार्च गेला, एप्रिलही सरत आला. ना जुलाब, ना ताप. त्यांनी लातुरात दोन वेळा कपडे टाईट होतात म्हणून सैल करायला दिले. अप्पा खूश झाले, आणि खूश झाले की ते शाखा काढत.

नांदेडची शाखा एप्रिलच्या शेवटच्या रविवारी उघडायची ठरली. पत्रकाच्या अकराव्या पानावर अकरा ते चार उघड्यावर कार्यक्रम नको असं लिहिलं होतं. महांतेशनं ते अप्पांना दाखवलं.

"अकराचा कार्यक्रम हाय," अप्पा म्हणाले. "साडेअकराला संपतोय. अन् उघड्यावर कुठं? मांडव हाय की."

अहमदपूर, लोहा करत गाडी साडेदहाला नांदेडात पोचली. मांडव खरंच होता. वरून लाल कापड, तिन्ही बाजूंनी लाल कापड. आत शिरलं की आपण भट्टीत भाजायला ठेवलेल्या विटा आहोत असं वाटायचं. नजीरनं मांडवात डोकावून पाहिलं आणि गाडीकडे परतला. "सर, मैं एसीमें बैठतो," तो म्हणाला. "बाईंना काय झालं तर गाडी थंड पाहिजे ना." नजीर कार्यक्रमातला एकमेव विचारी माणूस होता.

उद्घाटक पाहुणे मुदखेडात एका लग्नात अडकले होते. साडेअकरा झाले, सव्वाबारा झाले. लोक उठायला लागले, तसा अप्पांचा पुतण्या श्रीशैल माईकवर आला. सूत्रसंचालन तो करत होता आणि लोक धरून ठेवायचं एकच साधन त्याला माहीत होतं.

"पाहुणे येईपर्यंत आपण मॉरीन मॅडमचा सत्कार करून घेऊ."

पहिला सत्कार स्वागत समितीचा. फेटा, शाल, श्रीफळ. फेटा बांधणाऱ्यानं नऊ मीटर कापड बाईंच्या डोक्याला गुंडाळलं. बाई हसत होत्या, पण मान भिजायला लागली होती. महांतेश त्यांच्या खुर्चीमागे उभा होता. फोटो झाला की त्यानं शाल अलगद काढून घेतली. आता ठेवायची कुठं? सत्काराची शाल खाली ठेवता येत नाही. खुर्चीवर टाकली तर देणाऱ्याचा अपमान, दुसऱ्या कुणाला दिली तर महाअपमान, आणि देणारे सगळे पुढच्याच रांगेत बसून आपल्या शालीचं काय होतंय ते बघत होते. त्यानं ती स्वतःच्या खांद्यावर घेतली.

मग व्यापारी मंडळ. मग पालक संघ. महिला मंडळाच्या पार्वतीबाईंनी शालीबरोबर साडीही पांघरली. जागेच्या मालकानं दोन शाली आणल्या होत्या, एक स्वतःची आणि एक कंधारला असलेल्या भावाच्या वतीनं. दरवेळी बाईंच्या अंगावर शाल चढायची, कॅमेरा चमकायचा आणि ती महांतेशच्या खांद्यावर यायची. पाचव्या शालीला बाई हळूच म्हणाल्या, "महांतेश, हा फेटा मला सहन होत नाही." त्यानं फेटा उतरवला. तोही खाली ठेवायचा नसतो. तो त्यानं आपल्या डोक्यावर घातला.

"तुम्हाला गरम होत नाही?" बाईंनी विचारलं.

"आम्ही इथलेच आहोत," महांतेश म्हणाला. कायमच्या ऑर्डरवर अप्पांची सही आडवी असते की तिरकी, हे त्याला त्या क्षणी आठवेना. घाम यायचा बंद झाला होता. आता गारवा आला म्हणायचा, असं त्याला वाटलं.

नवव्या शालीला तो पडला. आवाज फारसा झाला नाही; आठ शाली अंगावर असलेला माणूस गादी पडल्यासारखा पडतो.

मांडवात कुजबुज झाली. श्रीशैलनं प्रसंग ओळखला. "महांतेश सर भावुक झालेले आहेत," तो माईकवर म्हणाला. "एकदा जोरदार टाळ्या." टाळ्या झाल्या.

बाई तेवढ्यात स्टेजवर गुडघे टेकून बसल्या होत्या. त्यांनी एकेक शाल ओढून फेकली, पहिल्या रांगेकडे न बघता. स्वतःचा ओला स्कार्फ त्याच्या मानेला लावला, पिशवीतल्या पाण्याच्या तिन्ही बाटल्या त्याच्या अंगावर ओतल्या. वीस मिनिटं उकळलेलं ते पाणी होतं. नजीरनं गाडी स्टेजपर्यंत आणली.

दवाखान्यात डॉक्टर होत्या जेबा म्हणून, तरुण. त्यांनी सलाईन लावलं आणि दीड तासानं अप्पा आले तेव्हा केसपेपरवर उष्माघात असं लिहून झालं होतं.

"अशक्तपणा लिहा की डॉक्टर," अप्पा म्हणाले. "घरचा माणूस हाय."

"अंगात एकशे सहा ताप होता अप्पा. आणि ह्यांनी त्रेचाळीसमध्ये शाली घातल्या होत्या म्हणे."

"प्रेमानं घातल्यात लोकांनी."

"मग प्रेमानं उष्माघात लिहिलाय," डॉक्टर म्हणाल्या आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

बाई कॉटशेजारी स्टुलावर बसून लॅपटॉपवर काही टाईप करत होत्या. महांतेश शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, "माझं सोळा पानी पत्रक तुम्ही भरलंत. तुमचं कुणी भरलं?"

"माझं कसलं?"

"जोखमीचं."

महांतेशला प्रश्नच कळला नाही. "आम्हाला लागत नाही मॅडम. आम्ही परदेशी थोडेच आहोत."

बाईंनी तेही टाईप केलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी तिकडून मेल आली. कामाच्या ठिकाणी उष्णतेनं माणूस कोसळल्यामुळे संस्था हे ठिकाण असुरक्षित मानत असून मॉरीन यांना आठवड्याभरात पुण्याला हलवण्यात येईल. घटनेला दुसरं काही कारण असल्यास संबंधित व्यक्तीनं स्वतः लेखी कळवावं.

मेल महांतेशनंच अप्पांना मराठीत सांगितली. तो दवाखान्यातून सुटून तिसऱ्या दिवशी कॉलेजात आला होता. अप्पांनी पेपरवेट फिरवला.

"पडायचंच होतं तर लातूरला येऊन पडायचं," ते म्हणाले. "तिच्यासमोर कशाला पडलास?"

"शुद्ध गेली अप्पा."

"जाऊ दे. हे बघ, तिकडचे लोकच म्हणतेत, दुसरं कारण असंल तर लिहा. तुला लहानपणापासून चक्कर येतीय."

"न्हाई येत."

"येतीय. जुना आजार हाय, ऊन-बिन काही संबंध न्हाई. सही कर. बाई थांबली तर तुझं काम झालं. गेली तर मीबी काय करू शकतो सांग."

महांतेशनं त्या पत्रकावर तापमान लिहिलं होतं, पाणी लिहिलं होतं, कुत्री लिहिली होती. फक्त स्वतःचं शरीर काय ते खरं उरलं होतं. त्याला अकरा वर्षं दिसली, पत्रे दिसले, मंजुश्रीचं नाक दिसलं. त्यानं चांगल्या इंग्रजीत अर्ज लिहिला: मला बालपणापासून वारंवार चक्कर येऊन शुद्ध हरपण्याचा विकार आहे, त्या दिवशीचं हवामान आल्हाददायक होतं. भाषा त्याची उत्तमच होती. खाली सही केली.

दोन दिवसांनी उत्तर आलं. संस्थेनं खुलासा स्वीकारला होता. ठिकाण सुरक्षित. मॉरीन बाई जूनपर्यंत राहतील. मात्र वारंवार शुद्ध हरपणाऱ्या व्यक्तीकडे शिक्षकाच्या आरोग्याची जबाबदारी असणं योग्य नाही. यजमानांनी दुसरी, निरोगी व्यक्ती नेमावी. अप्पांनी श्रीशैलला नेमलं.

"अन् माझी ऑर्डर अप्पा?"

अप्पांना खरंच वाईट वाटत असावं. त्यांनी त्याच्यासाठी चहा मागवला.

"कायम करायचं म्हणजे मेडिकल फिटनेस लागतंय महांतेश. मी बसवण्णाची आण घेतलीय, मी मागं सरत न्हाई. पण तू तर लिहून देऊन बसलास, इंग्रजीत. फायलीला लागलंय ते. उद्या तपासणीवाल्यांनी बघितलं तर माझ्या मानंला फास."

"तुम्हीच म्हणालात म्हणून लिहिलं."

"मी सही कर म्हणलो. वाचून बघायचं काम तुझं. इंग्रजीचा मास्तर तू."

संध्याकाळी बाई त्याला कॉलेजच्या गेटवर भेटल्या. त्यांच्या हातात चक्कर येण्याच्या विकारावरची माहितीपत्रकं होती, इंटरनेटवरून काढलेली.

"तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "हे खरं आहे ना, महांतेश? लहानपणापासून?"

इथं नाही म्हटलं की बाई पुण्याला आणि तो घरी; हो म्हटलं की नुसती कायमची ऑर्डर जाते. निदान तासिका तरी चालू राहाव्यात.

"हो मॅडम," तो म्हणाला. "सहावीत असल्यापासून."

बाईंनी मान हलवली आणि हात पुढे केला. "मग मोटरसायकलची किल्ली द्या. असा आजार असलेल्या माणसानं गाडी चालवू नये. मी श्रीशैलशी बोलले आहे, किल्ली ऑफिसात राहील."

आता महांतेश दुपारच्या तासाला चालत येतो. घरापासून कॉलेज तीन किलोमीटर. वाटेत बसस्टँडसमोर नवं फ्लेक्स लागलंय. त्यात मॉरीन बाई हसतायत, आणि खाली 'सुरक्षित व आरोग्यदायी शैक्षणिक परिसर, आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त' असं लिहिलंय. त्या फ्लेक्सची सावली रस्त्यावर चांगली पडते. महांतेश तिथं दोन मिनिटं थांबतो, घाम पुसतो आणि निघतो, कारण तास चुकला तर तास धरत नाहीत.